पलंगाखालच्या विटा

या जगात सपाट म्हणून काहीही नाही, यावर आमच्या ताईंच्या सासऱ्यांइतका, म्हणजे अण्णांइतका, पक्का विश्वास असलेला दुसरा माणूस अख्ख्या बंगळुरात सापडायचा नाही. तुम्हाआम्हाला जी फरशी आरशासारखी दिसते ती अण्णांना डोंगरउतारासारखी दिसते. कुणाच्याही घरी गेले की जमीन कुठून कुठे कलली आहे हे ते चप्पल काढायच्या आत सांगतात, आणि समोरच्याला पटलं नाही तर पाणी मागतात. लोकांना वाटतं तहान लागली. ते अदबीनं तांब्या-भांडं आणून देतात. अण्णा यजमानांच्या समाधानासाठी घोटभर पितात आणि उरलेलं खाली ओततात. मग सगळे उभं राहून बघतात. पाणी आधी जरा विचार करतं, आणि अण्णांनी सांगितलेल्या दिशेनं निघतं. ताईंच्या मावसबहिणीच्या वास्तुशांतीला, भटजी होमाची मांडामांड करत असताना, अण्णांनी न्हाणीघराच्या दारात असं पाणी ओतलं आणि ते आत जायचं सोडून थेट देवघराकडे गेलं. बिल्डरनं उतार उलटा दिलाय हे त्या घराला त्या दिवशी कळलं. ताई अजूनही त्या बहिणीकडे अण्णांना घेऊन जात नाहीत.

मी या घरी स्वयंपाकाला आहे. एचएसआर लेआउटमध्ये चौथ्या मजल्यावर घर, सहा वर्षं होत आली. ताई पुण्याच्या, कॉम्प्युटरमधल्या, लग्न होऊन इथं आलेल्या. सासरचं घराणं मराठी, पण कित्येक पिढ्या इथंच मुरलेलं. त्यामुळे अण्णांचं मराठी हे मराठी आहे हे कळायलाच मला आठवडा लागला. पहिल्या दिवशी ते म्हणाले, आमटीत मीठ स्वल्प जास्ती झालंय. मी बार्शीकडची, मला स्वल्प म्हणजे थोडंसं हे कुठून ठाऊक असणार? काहीतरी भयंकर झालंय असं समजून मी अख्खी आमटी पुन्हा केली. मी आहेच तशी. कुणी मोठ्यानं शिंकलं तरी आपल्या हातून काही चुकलं का बघते. परक्या मुलखात दुसऱ्याच्या चुलीवर पोट असलं की ही सवय लागते. अण्णांनी नवी आमटी बघितली, जुनी कुठं आहे विचारलं, आणि दोन्ही वाट्या संपवल्या. "सरी," ते म्हणाले, म्हणजे ठीक आहे, "दोन्ही बऱ्या होत्या." त्या दिवसापासून मला त्यांची भीती वाटेनाशी झाली. बाकी सगळ्यांची वाटत राहिली.

ते मला अक्का म्हणत. माझ्या बापाहून मोठा माणूस मला मोठी बहीण म्हणतो म्हटल्यावर मी संकोचानं अर्धी होई. मी एकदा सांगूनही बघितलं, नावानं हाक मारा म्हणून. अण्णा म्हणाले, नावानं हाक मारली की काम सांगितल्यासारखं वाटतं, अक्का म्हटलं की काही विचारल्यासारखं वाटतं. आणि खरंच, ते विचारायचेच. पहिला प्रश्न त्यांनी मला चपात्या लाटताना विचारला: तुमच्या गावात पाणी कुठून येतं आणि कुठं जातं? बंगळुरात आल्यापासून मला विचारलेले सगळे प्रश्न असे होते की ज्यांचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. आधारवर इथला पत्ता का नाही, कन्नड येतं का, शिक्षण किती. हा पहिलाच प्रश्न असा, ज्याचं उत्तर मला पुरतं येत होतं. मी ओट्यावरच्या पिठात बोटानं आमचा माळ काढला, देवळामागचा खोलगा काढला, ओढा काढला आणि ओढ्यापलीकडचं हायस्कूल काढलं. ओढ्याला पाणी आलं की पलीकडे जाता येत नसे. आठवीच्या पहिल्याच पावसाळ्यात वडिलांनी मला दप्तर खुंटीला लावायला सांगितलं, ते तिथंच राहिलं. अण्णांनी पिठातल्या ओढ्यावर बोट ठेवलं.

"मग शाळा तुम्ही नाही सोडली, अक्का," ते म्हणाले. "ओढ्यानं सोडवली."

माझ्या सातवी पास असण्याला असं नकाशातलं कारण असू शकतं, हे तोवर मला कुणी सांगितलं नव्हतं. मी तो दिवस विसरले नाही. पीठ मात्र दुसरं घ्यावं लागलं.

नोकरीत असताना अण्णांनी सरकारी खात्यात जन्मभर जमिनीच्या पातळ्या मोजल्या. निवृत्त झाल्यावर खात्यानं दुर्बीण परत घेतली, पण मोजणी काही परत घेता आली नाही. गवंडी लोक पाणी भरून पाणसळ, म्हणजे पातळी, बघायला जी पारदर्शक नळी वापरतात, ती ते गळ्यात घालून फिरतात. अनोळखी माणसं त्यांना डॉक्टर समजतात. एका बाईंनी लिफ्टमध्ये त्यांना आपल्या गुडघ्याचं दुखणं सांगितलं होतं, आणि अण्णांनी ते शांतपणे ऐकून घेऊन त्यांच्या इमारतीच्या जिन्याच्या पायऱ्या कमीजास्त उंचीच्या आहेत, तेच कारण असणार, असं सांगितलं. बनशंकरीचं त्यांचं जुनं घर विकून कितीतरी वर्षं झाली, तरी दर शुक्रवारी ते बसनं तिकडे जातात. घर बघायला नाही. घराकडे तर मान वर करूनही बघत नाहीत. रस्ता बघायला जातात. नव्या कंत्राटदारानं डांबर टाकताना उतार बिघडवला का, गटाराचं तोंड रस्त्याच्या वर राहिलं का, हे बघून येतात. ताई एकदा म्हणाल्या, अण्णा, आपण घर विकलंय. अण्णा म्हणाले, घर विकलं, उतार कुठं विकला?

रिक्षात बसले की ते आधी भाडं ठरवत नाहीत. गेल्या पावसात तुझी गाडी कुठं बंद पडली, हे विचारतात. रिक्षावाला सुरुवातीला चिडतो, मग सांगायला लागतो, आणि उतरायची जागा आली तरी दोघांचं संपत नाही. माझा नवरा यशवंतपूरच्या बाजारातून भाजीचा टेम्पो चालवतो. तो एकदा मला न्यायला म्हणून या घरी आला आणि अण्णांच्या तावडीत सापडला. तेव्हापासून कोणत्या पुलाखाली चाकाच्या कितव्या नटापर्यंत पाणी होतं, हे तो मला फोनवर सांगतो आणि मी अण्णांना सांगते. नवरा म्हणतो, बायकोला कशी आहेस हे विचारायच्या आधी माझ्या तोंडातून नटच निघतो. हे सगळं अण्णा एका लांबोळक्या वहीत शाईच्या पेनानं लिहितात. त्या वहीत कधी खाडाखोड नसते. लिहायच्या आधी ते इतका विचार करतात की तेवढ्यात माझी कुकरची शिट्टी होऊन जाते.

माझ्या पोरीला शाळेत घालायचं होतं तेव्हा मी कागदांची पिशवी छातीशी धरून तीन शाळांच्या दारातून परत आले होते. भाषा येत नाही, फॉर्म वाचता येत नाही, आणि शिपायानं काय विचारलं ते न कळताच हो म्हणून बसायची माझी खोड. अण्णा आपण होऊन बरोबर आले. पहिली शाळा गल्लीच्या तोंडाशीच होती, जागाही होती. अण्णांनी मैदानावर एक चक्कर मारली आणि ही नको म्हणाले. मला रडू फुटायचं बाकी होतं. मैदानाचा उतार वर्गांकडे आहे, ते म्हणाले, पोरांचे पाय ओले राहतील. दुसरी शाळा चढावर होती, चालत पंधरा मिनिटं. तिथं मुख्याध्यापकबाईंच्या टेबलासमोर त्यांनी पेलाभर पाणी मागितलं आणि मी डोळे मिटून घेतले. पाणी पायरीवरून उतरून फाटकाबाहेर गेलं. बाईंनी त्यांच्याकडे बघितलं, त्यांच्या गळ्यातल्या नळीकडे बघितलं, आणि फॉर्म पुढे केला. पोरगी आता तिथंच सहावीत आहे. कन्नड इतकं चुरुचुरु बोलते की मीच तिला विचारून भाजी घेते.

आता ज्यासाठी हे लिहायला बसले ते सांगते.

आम्ही राहतो ती गल्ली या चौथ्या मजल्यावरून दिसते. मोठा नाला, ज्याला इथं राजकालुवे म्हणतात, त्याच्यापासून सुरू होऊन एका ओळीत खोल्या आहेत. पत्रा वर, रस्त्यापेक्षा दोन पायऱ्या खाली जमीन. पाऊस पूर्वी पडायचा तसा पडत नाही आता. महिन्याचा पाऊस एका दुपारी येतो, आणि नाला आमच्याकडे पाहुणा येतो. तीन वर्षांपूर्वी पहिल्यांदा घरात आला तेव्हा पोटरीपर्यंत होता. गेल्या वर्षी गुडघ्याच्या वर.

एका संस्थेनं आमच्या वॉर्डाचं काम हाती घेतलं होतं. हवामान बदलतंय, तर कोणत्या गल्लीला किती धोका आहे ते आधी शोधायचं, आणि मग पंप कुठं ठेवायचे, नाला कुठं रुंद करायचा, अडीनडीला माणसं कुठं हलवायची याचा आराखडा करायचा. संस्थेतली एक नागपूरची मुलगी हातात टॅब घेऊन फिरत होती. अण्णांना हे कळल्यावर ते दुसऱ्या दिवशी नळीसकट तिच्या ऑफिसात जाऊन बसले. त्यांना घ्यायचं की घालवायचं हे तिला ठरवता येईना, म्हणून तिनं त्यांना चहा दिला, आणि तेवढं पुरलं. आमच्या गल्लीची पाळी आली तेव्हा अण्णांनी मला सांगितलं, रविवारी आम्ही तुमच्याकडे येतोय.

आता पाहुणे येणार म्हटल्यावर कुठली बाई घर तसंच ठेवेल? ऑफिसातली माणसं येणार, आणि भिंतीवर गुडघ्याएवढ्या उंचीवर ती गढूळ रेघ. बघणाऱ्याला वाटायचं ही घाणीत राहतात. मी शनिवारी चुना आणला. माझं बघून शेजारणीनं आणला, तिचं बघून पुढचीनं. त्यात घरमालकाचा माणूस येऊन सांगून गेला, की पाणी येतं असं कुणी बोललात आणि ते सरकारी कागदावर चढलं, तर या खोल्या धोक्याच्या म्हणून पाडतील, मग बसा रस्त्यावर. तो गेल्यावर सगळ्यांनी दुसरा हात मारला.

रविवारी अण्णा आणि ती मुलगी आली तेव्हा आमची गल्ली लग्नघरासारखी दिसत होती. फक्त चुना कमी पडू नये म्हणून प्रत्येकीनं रेघेच्या वर चार बोटं एवढाच मारला होता. वर धुराची जुनी भिंत आणि खाली गुडघ्यापर्यंत लख्ख पांढरं, घरामागून घर, जणू गल्लीनं पायमोजे घातले होते. मुलगी प्रत्येक दारात विचारत होती, गेल्या काही वर्षांत घरात पाणी शिरलं का? प्रत्येक दारात उत्तर येत होतं, नाही मॅडम, चहा घ्या. मीही तेच म्हणाले. ज्या माणसानं माझ्या पोरीला शाळेत घातलं त्याच्यासमोर उभं राहून, त्याच्या हातात माझ्याच घरचा कप देऊन, मी नाही म्हणाले. टॅबवर तिनं बोट टेकवलं आणि आमचं घर हिरवं झालं. अण्णांनी त्या दिवशी नऊ कप चहा घेतला. भिंतींबद्दल ते अवाक्षर बोलले नाहीत. फक्त प्रत्येक घरात त्यांची कधी किल्ली खाली पडत होती, कधी पेनाचं टोपण, आणि ती उचलायला ते खाली वाकत होते, अगदी पलंगाखालपर्यंत. मला वाटलं वय झालं, हात थरथरतात. शेवटचं घर गजरे करणाऱ्या अज्जीचं. ती एकटीच राहते. तिथं चहाऐवजी ताक मिळालं, तिथंही टोपण पडलं, आणि बाहेर येताना अण्णा त्या मुलीला म्हणाले, इकडे उतार बरा दिसतोय.

दुसऱ्या दिवशी मी कामावर गेले ती मान खाली घालूनच. अण्णा स्वयंपाकघरात येऊन स्टुलावर बसले, वही उघडली. काल काय सांगितलं त्याबद्दल एक शब्द नाही.

"अक्का, पलंगाखाली विटा किती?"

मी पोळी उलटायची थांबले. तीन, मी म्हणाले. प्रत्येक पायाखाली तीन.

"गेल्या वर्षी?"

"दोन होत्या. त्याच्या आधी एक."

"आणि पुढच्या वर्षी?"

दाराबाहेर, पोत्याखाली झाकून, मी चार विटा आणून ठेवल्या होत्या. चार पायांना एकेक. हे मी त्यांना सांगितलं, आणि सांगता सांगता मला हुंदका आवरेना. मी म्हणाले, अण्णा, मी तुम्हाला खोटं सांगितलं, मला कामावरून काढा, पण ते कागदावर घालू नका. खोली गेली तर मी पोरीला घेऊन कुठं जाऊ? परत ओढ्याच्या अलीकडे?

अण्णांनी पेनाला टोपण लावलं. मोठमोठ्या ऑफिसांत बसून लोक पुढच्या पावसाचा अंदाज करतात, ते म्हणाले, आणि इथं तुम्ही तो पोत्याखाली झाकून ठेवलाय. मग मात्र ते गप्प झाले. तेव्हा आणि पुढचे चार दिवस. शुक्रवारी बनशंकरीलासुद्धा गेले नाहीत. ताईंना वाटलं बरं नाही. मला माहीत होतं की माझी खोली ते डोक्यात घेऊन बसले आहेत. शनिवारी ते हसतच आले. खांब, म्हणाले. आपण घरं लिहायचीच नाहीत. गल्लीत विजेचे खांब आहेत. नाल्याकडून मोजायचं. पहिल्या खांबापाशी इतक्या विटा, दुसऱ्यापाशी इतक्या. घरनंबर नाही, नाव नाही.

"खांबाला कुणी खोली खाली कर म्हणत नाही," अण्णा म्हणाले.

वॉर्ड ऑफिसात बैठक झाली तेव्हा पडद्यावर आमचा वॉर्ड रंगीत दाखवला होता, आणि आमची गल्ली त्यात हिरवीगार, एखाद्या बागेसारखी. एक साहेब म्हणाले, या भागाला धोका कमी, पंप वरच्या लेआउटला ठेवू. नागपूरची मुलगी ओठ चावत होती. तिनंही त्या भिंती बघितल्या होत्या, पण टॅबमध्ये चुन्याचा रकाना नव्हता. अण्णा उठले, वही माझ्या हातात दिली आणि सांगितलं की आमच्या अक्का वाचतील. मी त्यांच्याकडे असं बघितलं असेल की त्यांना दया यावी, पण आली नाही. त्यांनी हळूच कानात सांगितलं, मी बोललो तर म्हातारा बोलला म्हणतात.

मी हिंदीत वाचायला लागले. पहिल्या खांबापाशी चार विटा. दुसऱ्याला चार. तिसऱ्याला तीन, चौथ्याला तीन. पाचव्याला तीन. पाचवा आमचा. कुणीतरी विचारलं विटा म्हणजे काय, तर त्या मुलीनं उठून सांगितलं की पाण्यापासून अंथरूण वाचवायला लोक पलंग चढवतात, ती उंची. मी वाचत गेले. सहावा, सातवा, आठवा खांब, दोन विटा, दोन विटा, दोन विटा. आणि नववा खांब. अण्णांच्या सुरेख अक्षरात लिहिलं होतं: वीट एक, धोका कमी.

नववा खांब अज्जीचा.

मी थांबले. तेवढं वाचून खाली बसले असते तर कुणी मला काही म्हटलं नसतं. वही अण्णांची, अक्षर अण्णांचं, आणि त्या वहीत आजवर खाडाखोड झालेली मी पाहिली नव्हती. मी सातवी पास. पण अज्जीच्या घरात पाणी किती येतं हे मला माहीत होतं, कारण दोन्ही वर्षं तिला आम्हीच पाठीवर घेऊन बाहेर काढलं होतं. गल्ली तिथं पुन्हा खाली जाते.

मी म्हणाले, इथं चुकलंय. तिथं पाणी आमच्याएवढंच येतं. अज्जीला वीट उचलवत नाही, म्हणून एकच आहे.

मी अण्णांकडे बघायचं टाळलं. मग खुर्ची सरकल्याचा आवाज आला. अण्णा चालत माझ्यापाशी आले, माझ्या हातातली वही त्यांनी टेबलावर ठेवली, पेन काढलं, आणि नवव्या खांबाच्या ओळीवर एक सरळ रेघ मारली. बाजूला काय लिहायचं म्हणून मला विचारलं. मी सांगितलं आणि त्यांनी लिहिलं: वीट एक, पाणी तीन विटांचं, माणूस एकटं, आधी इथं जावं.

"जन्मभर जमीन मोजली," ते साहेबांना कन्नडमध्ये म्हणाले आणि मग माझ्यासाठी मराठीत पुन्हा म्हणाले, "माणूस मोजायचं राहून गेलं."

आराखडा झाला. त्यात आमची गल्ली आता हिरवी नाही. फार काही झालं असं नाही, मी उगाच वाढवून सांगत नाही. नाला रुंद करायचं काम अजून कागदावरच आहे. पण एक पंप आमच्या गल्लीच्या तोंडाशी आला, विजेच्या मीटरच्या पेट्या डोक्याच्या वर चढवल्या, आणि पाणी चढलं तर माणसांनी चढावरच्या शाळेत जायचं ठरलं, जिथं अण्णांनी पेलाभर पाणी ओतलं होतं तिथंच. अज्जीला आधी. त्या मुलीनं विटांचे सेंटिमीटर केले, तर अण्णा तिच्याशी आठवडाभर भांडले, आणि आता आराखड्यात दोन्ही रकाने आहेत. साहेब लोक बैठकीत विटांत बोलतात असं ती सांगत होती. घरमालकाचा माणूस येऊन गेला, कुणी सांगितलं म्हणून विचारत. आम्ही त्याला खांब दाखवले. त्यानं सगळे खांब बघितले आणि गेला. खोल्या उभ्या आहेत. रात्री दार वाजलं की मला अजूनही वाटतं, खोल्या पाडायला आले.

या वर्षी पाऊस आला तसा आला. नाला चढला, पंप चालू झाला, पाणी उंबऱ्याच्या आत आलं आणि खालची वीट भिजवून परत गेलं. पोरगी पलंगावर बसून अभ्यास करत होती, ती उठलीसुद्धा नाही. तीन विटा मी काढल्या नाहीत, तेवढा धीर मला नाही. पण दाराबाहेरच्या चार विटा पोत्याखाली कोरड्याच राहिल्या.

वर मी अण्णांचं फिरणं आजचं असल्यासारखं लिहिलं, पण ते आता फिरत नाहीत. गुडघे गेले, आणि मधूनमधून वारही हरवतो. शुक्रवार आला की चप्पल शोधतात, मग कुठं जायचं होतं ते आठवत नाही, आणि आम्ही कुणी आठवण करून देत नाही. नळी खुंटीला आहे. गेल्या महिन्यात डॉक्टरांनी सांगितलं, यांचा पलंग फार खाली आहे, उठताना गुडघ्यावर जोर येतो, स्वल्प उंच करा. ताई दुकानात लाकडी ठोकळे बघायला निघाल्या होत्या. मी म्हटलं, थांबा.

दुसऱ्या दिवशी नवऱ्यानं त्या चार विटा टेम्पोतून आणून दिल्या. मी त्या घासून धुतल्या, वाळवल्या, जुन्या साडीचे तुकडे गुंडाळले. ताईंच्या मिस्टरांनी आणि माझ्या नवऱ्यानं पलंग उचलला आणि मी एकेका पायाखाली एकेक सरकवली. अण्णा खुर्चीत बसून बघत होते. सगळं झाल्यावर त्यांनी खुंटीकडे हात केला. मी नळी काढून, पाणी भरून दिली. एक टोक मी धरलं, एक त्यांनी, आणि पलंगाच्या दोन पायांना लावून बराच वेळ बघत राहिले, पाणी ठरेपर्यंत. खिडकीकडच्या पायाला कागदाची एक घडी घालायला लावली. मग ते पलंगावर बसले, आणि पहिल्यांदाच कुणाचा हात न धरता उठले. पुन्हा बसले, पुन्हा उठले. मग वाकून खाली बघितलं.

"विटा कोणत्या खांबाच्या?" त्यांनी विचारलं.

त्यांना आठवतंय की नुसतीच सवय बोलतेय, ते मला कळलं नाही.

"पाचव्या," मी म्हटलं. "या वर्षी लागल्या नाहीत."

"सरी," अण्णा म्हणाले, आणि वही मागितली.